राखणदाराची राखण

चंद्रपूर-गडचिरोलीत धान निसवायला लागलं की रानडुकरांची पाळी सुरू होते. सिंदेवाही, नागभीड, मूल, आरमोरी, चामोर्शी, जंगलाला लागून असलेल्या कुठल्याही गावात जा. धुऱ्यावर तारा ओढलेल्या, कोपऱ्यातल्या खांबावर सोलर प्लेट आणि तिच्याखाली एक पेटी. पेटीत झटका मशीन आणि बारा व्होल्टची बॅटरी. वनविभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, त्यामुळे या पेट्या वाढल्या आहेत. त्या दुरुस्त करणारे हात मात्र त्या मानाने वाढलेले नाहीत. हा लेख त्या हातांसाठी आहे: आयटीआय-पॉलिटेक्निकची मुलं, तालुक्याच्या गावी रेडिओ-मोबाइलचं दुकान चालवणारे, आणि ज्यांना सोल्डरिंग आयर्न धरता येतो असे शेतकरी.

सर्किटाच्या आधी एक गोष्ट. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनीवरून थेट तारेत करंट सोडण्याचा प्रकार आपल्याकडे अजून चालतो. त्यात वाघ मेले आहेत आणि माणसंही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि वीज कायदा २००३, दोन्हींच्या नजरेत तो गुन्हा आहे. झटका मशीनचं काम वेगळ्या तत्त्वावर चालतं. आतला कपॅसिटर चार्ज होतो, काही हजार व्होल्टचा ठोका क्षणभर देतो आणि पुढच्या ठोक्याआधी निदान एक सेकंद थांबतो. आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय मानकात ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्याची मर्यादा ५ जूल आहे. म्हणून डुक्कर बिचकून पळतं, मरत नाही. पण मशीन दोन हंगामांत बेभरवशाचं ठरलं, की वैतागलेला माणूस पुन्हा आकडा टाकायच्या विचाराला लागतो. झटका मशीन भरवशाचं ठेवणं हे म्हणून नुसतं दुरुस्तीचं काम नाही.

मशीन बेभरवशाचं का होतं? तक्रार आली की पहिला संशय तारेवर जातो, दुसरा मशीनवर. मी आधी बॅटरीकडे पाहतो. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास निवांत ठेवलेली असेल तर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.१-१२.२ ला ती अर्ध्यावर आलेली असते, ११.८ ला जवळपास रिकामी. त्याखाली रोज रात्री ओढत राहिलं की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि दोन-चार वर्षं चालायची बॅटरी एका पावसाळ्यात जाते. श्रावणात आठ-आठ दिवस ढग असतात. सोलर प्लेटला दिवसा जे मिळतं त्यापेक्षा रात्री जास्त खर्च होतं, आणि हा हिशोब कुणी पाहत नाही. बॅटरी एका रात्रीत मरत नाही. ती दिवसेंदिवस खाली घसरत जाते आणि ते घसरणं व्होल्टमध्ये मोजता येतं. मग मोजायचं कुणी? भामरागडकडे पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद होतो, मेकॅनिक येणार कुठून! तेव्हा मोजणारा पेटीतच बसवला पाहिजे आणि निर्णयही त्यानेच घेतला पाहिजे.

यासाठी दोन आयसी पुरतात. पहिला टीएल४३१. दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा, तीन पायांचा. त्याचा रेफरन्स पाय कॅथोडला जोडला की तो सुमारे २.५ व्होल्टवर ठाम राहतो, बॅटरी ११ ला असो की १४ ला. त्याला निदान १ मिलिअँपिअर करंट लागतो, बॅटरीकडून ४.७ किलोओहमची रेझिस्टन्स दिली की पावणेदोन-दोन मिलिअँपिअर मिळतो, भागतं. एक सवय इथे आवरा: कुठल्याही आयसीवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिकटवायची. टीएल४३१ वर त्या मापाचा कपॅसिटर लावला तर तो स्वतःच डोलायला लागू शकतो आणि मग २.५ व्होल्ट हा आकडाच खोटा पडतो.

दुसरा कम्पॅरेटर, एलएम३९३ किंवा त्याचाच भाऊ एलएम२९०३. आठ पायांचा, आत दोन कम्पॅरेटर. काम एवढंच की दोन पायांवरचे व्होल्ट ताडून पाहायचे आणि कोण मोठा ते सांगायचं. याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते खाली ओढू शकतं, वर ढकलू शकत नाही. वर नेण्यासाठी पुल-अप रेझिस्टन्स तुम्हालाच द्यावी लागते. ती विसरली की आयसी खराब आहे म्हणून दुसरा घालतात, तोही खराब निघतो, तिसराही! एलएम३५८ सारखा ऑप-ॲम्प कम्पॅरेटर म्हणून चालतो का, असं मुलं हमखास विचारतात. बॅटरीसारख्या संथ गोष्टीला चालतो. पण त्याचं आउटपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबतं, हे धरून पुढचं सर्किट आखावं लागतं.

आता जोडणी. एलएम२९०३ चा पाय ८ बॅटरीच्या पॉझिटिव्हला, ४ निगेटिव्हला, आणि या दोन पायांमध्ये अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. इथे तो हवाच. पाय २ वर टीएल४३१ चे २.५ व्होल्ट. पाय ३ वर बॅटरीचा वाटणी करून घेतलेला भाग: वर ३९ किलोओहम, खाली १० किलोओहम. पाय १ हे आउटपुट. त्यातून १० किलोओहमची पुल-अप बॅटरीच्या पॉझिटिव्हला, आणि ३३० किलोओहमची एक रेझिस्टन्स पाय १ वरून परत पाय ३ ला. या मापांनी गणित केलं तर बॅटरी ११.२ व्होल्टला उतरली की आउटपुट खाली जातं आणि १२.५ ला चढल्यावरच पुन्हा वर येतं.

ही ३३० किलोओहमची रेझिस्टन्स सर्किटाचा जीव आहे. ती नसती तर ११.२ ला मशीन बंद झालं असतं. भार गेल्याबरोबर बॅटरी सावरून ११.५ दाखवू लागली असती. मशीन पुन्हा चालू, पुन्हा बंद. रात्रभर खडखड. बंद होण्याचा आकडा आणि चालू होण्याचा आकडा यांत मुद्दाम ठेवलेल्या या अंतराला हिस्टेरिसिस म्हणतात. पावसाने रोवणीची माणसं घरी पाठवली, तर सर थांबल्याबरोबर आपण त्यांना परत बोलावत नाही, उघाड नीट पडू देतो; तसंच हे. १२.५ हा आकडा सकाळी ऊन लागल्याशिवाय बॅटरी गाठत नाही, म्हणून तो निवडला.

झटका मशीन दर ठोक्याआधी कपॅसिटर भरताना बॅटरीवर झटकन ओढ घेतं. अर्धवट बॅटरी त्या क्षणी पाव-अर्धा व्होल्ट दबते, आणि कम्पॅरेटर त्या क्षणालाच फसून मशीन तोडू शकतो. म्हणून ३९ किलोओहमच्या आधी ४७० ओहम आणि तिथून निगेटिव्हला १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. सुमारे अर्ध्या सेकंदाची गाळणी तयार होते. त्याने आकडे ०.१ व्होल्टने वर सरकतात, बिघडत काही नाही. रेझिस्टन्स मात्र एक टक्क्याच्या मेटल फिल्म घ्या. पाच टक्केवाल्या घेतल्या आणि एक वर, एक खाली अशी जोडी नशिबी आली, तर ११.२ चे १२.१ होतात. मग मशीन संध्याकाळीच झोपेल आणि दोष बॅटरीला लागेल.

आउटपुटवरून मशीन तोडायला आयआरएफझेड४४एन हा मॉसफेट पुरतो: गेट पाय १ कडे १०० ओहममधून, सोर्स बॅटरीच्या निगेटिव्हला, ड्रेन मशीनच्या निगेटिव्हला. पण जोडण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून मशीनचा अर्थ टर्मिनल आणि त्याची बॅटरी-निगेटिव्ह आतून एकच आहेत का ते बघा. एकच असतील आणि तुमच्या बॅटरीचा किंवा सोलर प्लेटचा निगेटिव्ह कुठेतरी जमिनीला लागत असेल, तर करंट मॉसफेटला वळसा घालून जाईल आणि तुमचा स्विच नावापुरता उरेल. अशा ठिकाणी बीसी५४७ आणि १२ व्होल्टचा रिले लावून पॉझिटिव्ह तोडा. रिलेची कॉइल ३० मिलिअँपिअरच्या आसपास खाते, दिवसाला पाऊण अँपिअर-अवर. छोट्या बॅटरीला हा खर्च जाणवतो, म्हणून गरज असेल तरच. आणि तारेकडची बाजू, म्हणजे ते काही हजार व्होल्ट, यातल्या कुठल्याही आयसीजवळ आणायचे नाहीत. तारेत झटका आहे का हे पाहायला कुंपणाचा टेस्टर मिळतो, तो वापरा.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे. बॅटरी वाचवायला सर्किटने रात्री दोन वाजता मशीन तोडलं, आणि नेमका तेव्हाच कळप आला तर? बॅटरी वाचली, धान गेलं. यावर ठरलेलं उत्तर नाही. माझ्या मते बॅटरी वाचवणं हा दुसरा उपाय आहे, पहिला उपाय इशारा. आयसीतला दुसरा कम्पॅरेटर त्यासाठीच मोकळा ठेवला आहे. पाय ६ ला तेच २.५ व्होल्ट, पाय ५ ला वर ३९ किलोओहम आणि खाली १० किलोओहम अधिक २२० ओहम अशी वाटणी. ती त्याच ४७० ओहमच्या पुढून घ्या. बॅटरी साधारण सव्वाबारा व्होल्टखाली गेली की पाय ७ खाली जातो. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.२ किलोओहम आणि लाल एलईडी पाय ७ ला जोडली की ती पेटते. ही एलईडी पेटीच्या बाहेर, गावाकडून येणाऱ्या वाटेच्या बाजूला लावा. संध्याकाळी वावरातून घरी निघताना ती पेटलेली दिसली की त्या रात्री जागलीला जायचं किंवा घरची भरलेली बॅटरी आणून जोडायची. दोन ओळी एलईडी पाहण्याच्या सवयीवर खर्च करतो आहे, कारण ही सवय लागली तर तोडणाऱ्या सर्किटावर वेळ क्वचितच येते.

या जिल्ह्यांतला खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जाणं नवलाचं नाही, ४७ ही पाहिले आहेत, आणि ते सावलीतले आकडे. उन्हात टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत आत किती होत असेल, हात लावून बघा. एलएम३९३ आणि एलएम३५८ हे ० ते ७० अंशांसाठी बनवलेले आहेत. तेच काम करणारे, त्याच पायांचे एलएम२९०३ आणि एलएम२९०४ हे १२५ अंशांपर्यंतचे, गाडीच्या इंजिनाजवळ बसवता येतील असे. भावात फार फरक नसतो. टीएल४३१ घेताना नावामागचं अक्षर पाहा: सी म्हणजे ७० पर्यंत, आय म्हणजे ८५, क्यू म्हणजे १२५. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ८५ किंवा १०५ अंश छापलेलं असतं. १०५ च घ्या. दर दहा अंशांना त्याचं आयुष्य ढोबळमानाने अर्धं होतं. दुकानात हे मागितलं की कधी कधी ‘सगळं एकच’ असं उत्तर मिळतं. पायांच्या बाबतीत ते खरं आहे, उन्हाच्या बाबतीत नाही.

उष्णता बॅटरीलाही सोडत नाही. १४.४ व्होल्टचं चार्जिंग २५ अंशांसाठी असतं. दर वाढत्या अंशामागे १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट कमी द्यायला हवेत. २४ धरले तर ४५ अंशांना १३.९ च पुरे. त्याहून जास्त दिलं की पाणी उडतं. म्हणून चार्ज कंट्रोलर घेताना त्याला तापमानाचा सेन्सर आहे का विचारा, आणि असेल तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवा, पेटीत लोंबकळत ठेवू नका.

स्वतः तापमान मोजायचं असेल तर एलएम३५ सोपा. दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ४५ अंश म्हणजे ४५० मिलिव्होल्ट, मल्टिमीटरवर सरळ वाचता येतात. त्याची वायर लांब नेली तर तो अस्थिर होतो. आउटपुटवर २ किलोओहम मालिकेत घाला. आर्डुइनो युनोला जोडलात तर ५ व्होल्टच्या रेफरन्सवर एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्ध्या अंशाची पडते. आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स निवडला की एक दशांश अंशापर्यंत बारीक वाचता येतं. मात्र हा १.१ प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ असा कुठेही असू शकतो. एरेफ पायावर एकदा मोजा आणि प्रोग्राममध्ये तोच आकडा घाला. यूएसबीच्या ५ व्होल्टवर विसंबून बॅटरी मोजणारे प्रोजेक्ट कॉलेजांच्या प्रदर्शनात हमखास दिसतात. लॅपटॉप बदलला की बॅटरीचे व्होल्ट बदलतात!

मायक्रोकंट्रोलर वापरावा की नाही? नोंद ठेवायची असेल, रोजचा आलेख हवा असेल तर वापरा. चार इनपुटचा, १६ बिटांचा एडीएस१११५ किंवा करंट आणि व्होल्टेज दोन्ही पाहणारा आयएनए२१९ जोडला की चांगली वही तयार होते. पण तोडण्याचा निर्णय कम्पॅरेटरकडेच ठेवा. विजेच्या कडकडाटात प्रोग्राम अडकू शकतो. वॉचडॉग आणि ब्राउन-आउट चालू ठेवलेत तरी अडकू शकतो. कम्पॅरेटरमध्ये अडकायला प्रोग्रामच नसतो. मोबाइलवर मेसेज हवा म्हणून बरेच जण सिम८००एल मॉड्यूल आणतात. ते फक्त २जीवर चालतं, जिओचं सिम त्यात चालत नाही, आणि मेसेज पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. शेतात आधी साधा २जी फोन धरून रेंज पाहा, मग पैसे घाला.

बाजारात याहून मोठ्या चिपा आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएमसी७८२३ मध्ये आठ ॲनालॉग इनपुट, आठ आउटपुट, रेफरन्स आणि तापमानाचा सेन्सर, सगळं १२ बिटांत एका ठिकाणी आहे. मोबाइल टॉवरच्या ॲम्प्लिफायरसारख्या उपकरणात, जिथे आठ-आठ गोष्टी एकाच वेळी पाहून सावरायच्या असतात, तिथे तिचं मोल आहे. धुऱ्यावरच्या पेटीत नाही. ती साध्या आयर्नने बसवता येत नाही, आणि गेली तर एटापल्लीत बदलायला मिळणार नाही. आठ पायांचा एलएम२९०३ सॉकेटमध्ये बसतो आणि शेतकऱ्याचा पोरगाही बदलू शकतो.

हेच ज्ञान दुसरीकडे नेताना थोडं सांभाळून. प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज २ ते ८ अंशांत राहायला हवा. त्याला सरकारी नोंदयंत्र असतं आणि त्याच्या जागी आपलं काही बसवायचं नाही. पण कुणी जोडीला गजर करून मागितला तर एलएम३५ वापरू नका. साध्या जोडणीत तो २ अंशांच्या खाली वाचत नाही, आणि हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंटसारख्या लसी गोठल्या की वाया जातात. म्हणजे जिथे धोका सुरू होतो तिथेच हा सेन्सर मुका. डीएस१८बी२० घ्या. आणि ज्यांना पुढे ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्रात किंवा बल्लारपूरच्या कागद कारखान्यासारख्या ठिकाणी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून जायचं आहे, त्यांनी ४ ते २० मिलिअँपिअरची पद्धत शिकून ठेवावी. तिथे सेन्सर लांब असतात, व्होल्ट वाटेत गळतात, करंट गळत नाही. आणि शून्याऐवजी ४ पासून मोजणी सुरू होते म्हणून वायर तुटली की लगेच कळतं.

पेटीकडे परत येऊ. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला अगदी चिकटून, आणि त्याच्या पुढे सर्किटावर पी६केई१८ए हा सर्ज शोषणारा डायोड. सगळ्या वायरी पेटीच्या तळातून आत घ्या, वरून नाही, आणि आत शिरण्याआधी त्यांना खाली एक झोल द्या म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता झोलातून गळेल. भोकं ग्लँडने किंवा सिलिकोनने बंद करा. कुंभारीण माशीला सर्किट बोर्डाचा कोपरा घरट्यासाठी फार आवडतो, आणि तिची ओली माती वाळेपर्यंत ट्रॅक खाऊन टाकते. तयार बोर्डाला वार्निशचा हात द्या. सॉकेटवर तेवढं वार्निश जाऊ देऊ नका.

बसवण्याआधी बदलता सप्लाय घ्या, व्होल्ट हळूहळू १३ वरून खाली आणा, मग परत वर न्या, आणि एलईडी कुठे पेटते, मशीन कुठे तुटतं, परत कुठे जोडलं जातं, हे तीन आकडे लिहून घ्या. मग बोर्ड बंद पेटीत घालून मे महिन्याच्या दुपारी उन्हात टांगा आणि तेच आकडे पुन्हा मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त सरकले तर रेझिस्टन्स किंवा टीएल४३१ बदला. हे तीन आकडे, तारीख आणि वायरींचे रंग मराठीत लिहून तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला लॅमिनेट करून चिकटवा, आणि त्याच्याशेजारी फॉइलमध्ये गुंडाळून एक जादा एलएम२९०३ आणि एक फ्यूज टेपने लावून ठेवा.